ते पाचशे रुपये का परत केलेस?

नमस्कार काकू,

मी ३७ वर्षांचा. मूळचा सोलापूरचा, घरची भाषा तेलुगू, गेली चौदा वर्षं पुण्यात, हिंजवडीला आयटीत. सगळं कापून महिन्याला एक लाख ऐंशी हजार हातात येतात. वडील यंत्रमागावर होते, मी नोकरीला लागलो त्याच वर्षी गेले. अम्मानं विड्या वळून मला आणि बहिणीला शिकवलं. लहानपणी आम्ही साखर पेठेत एका खोलीत राहायचो, नंतर कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत, विडी कामगारांच्या, अम्माच्या नावावर घरकुल मिळालं. ती आता ६१ वर्षांची आहे.

दोन वर्षांपूर्वी मी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, खास तिच्यासाठी. लिफ्ट, वॉचमन, गीझर, एसी, सगळं आहे. कामाला बाई लावली. महिन्याला पंधरा हजार तिच्या खात्यात टाकतो. आता समजलं, की ती रोज सकाळी फ्लॅटला कुलूप लावते, दोन रिक्षा बदलून कुंभारीला जाते, जुनं घर उघडते आणि शेजारणींबरोबर संध्याकाळपर्यंत विड्या वळते. वर्षभर हे चाललंय. एका लग्नात नातेवाईक चारचौघांत म्हणाले, 'पोरगा लाखात कमावतोय अन् आई विडी कंपनीच्या ब्रँचला टोपली घेऊन उभी राहतीय.' जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. फोनवर मी नको ते बोललो. तीन आठवडे झाले, ती 'जेवलास का' एवढंच विचारते आणि फोन ठेवते.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत तिनं माझ्या मुलीच्या हातावर पाचशेची नोट ठेवली होती, पाळण्यात बस म्हणून. 'तुझे पैसे तुझ्याजवळ ठेव, औषधाला होतील' असं म्हणून मी ती परत करायला लावली होती. आता कळतंय, ते पैसे विड्यांचेच असणार.

जुनं घर विकून टाकावं म्हणतोय, म्हणजे प्रश्नच मिटेल. बायको म्हणते, त्यांना काय करायचंय ते करू दे. मला काही सुचत नाही. पैशानं सुख मिळत नाही म्हणतात, ते खरंच का? मग मी चौदा वर्षं काय कमावलं? नोकरी सोडून सोलापूरला परत येऊ का?

– एक मुलगा, पुणे

*

काकू म्हणालास, म्हणून सरळ 'तू' म्हणते. सोलापुरात 'अहो-जाहो' तसंही फार वेळ टिकत नाही.

तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तू ते एकाच टोपलीत टाकलेस. पैशानं सुख मिळतं का, अम्मानं विड्या वळाव्यात का, आणि तू नोकरी सोडावीस का. सोपा आहे तो आधी घेते.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशच्या काउंटरवर. 'पैशानं सुख मिळत नाही' हे वाक्य काचेच्या पलीकडून मी एकदाही ऐकलं नाही. ते ऐकलं लग्नाच्या हॉलात, प्रवचनात आणि रिटायर झालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं प्रत्येकाची पेन्शन वेळेवर जमा झालेली असते. मुलीच्या ऑपरेशनसाठी पीएफ काढायला आलेल्या बाईला ते वाक्य म्हणून दाखवायची माझी हिंमत नव्हती. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या घराला मोठी टाकी आणि मोटर आहे, तिथली बाई पाण्याच्या दिवशीही रात्री झोपते. जिथं नाही, तिथली घागरी मांडून पहाटेपर्यंत नळाकडं कान लावून पडते. त्या झोपेला सुख म्हणायचं नसेल तर मग सुख हा शब्द प्रवचनकारांनाच ठेवू दे.

हे नुसतं माझं मत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला जिल्हा उसाचा, म्हणून तो मला पटकन कळला. त्याच त्या शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा ऊस तुटायच्या आधी, हात आवळलेला असताना, आणि एकदा ऊस जाऊन पैसे आल्यावर. माणूस तोच, डोकं तेच, पण पैसे आल्यावर ते डोकं चांगलं चाललं. ओढाताण असली की अर्धं डोकं तिथंच गुंतलेलं राहतं. ऊसबिल जमा झाल्याच्या दिवशी बँकेत येणारा शेतकरी आणि त्याच्या दोन महिने आधी सोनं गहाण ठेवायला येणारा तोच शेतकरी, दोघांना मी फॉर्म भरताना पाहिलंय. सोनं गहाण ठेवायला आलेल्याकडून तीन फॉर्म खराब व्हायचे.

अमेरिकेतही या प्रश्नावर बरीच भांडणं झाली. २०१० मध्ये डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोघा संशोधकांनी सांगितलं, की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढं कमाई वाढली तरी रोजचं हसणं-रडणं फारसं बदलत नाही. हे वाक्य जगभर फिरलं, फुकटचं तत्त्वज्ञान सगळ्यांनाच आवडतं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ या संशोधकानं दाखवलं, की तसं काही नाही, सुख वाढतच जातं. मग दोन्ही बाजू एकत्र बसल्या, सगळी माहिती पुन्हा चाळली आणि २०२३ मध्ये जे निघालं ते तुझ्या कामाचं आहे. बहुतेकांचं सुख कमाईबरोबर वाढत राहतं. पण जे सगळ्यात दुःखी आहेत, साधारण पाचातला एक, त्यांच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंत पैसा दुःख कमी करतो आणि मग थांबतो. जिवाभावाचं माणूस जाणं, मन मोडणं, खोल नैराश्य अशी दुखणी त्याच्या आटोक्यात येत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यांत आहे, ती लोक वाचत नाहीत. सुख रुपयांनी वाढत नाही, पटीनं वाढतं. दहा हजारांचे वीस हजार झाले की जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक पडायला लाखाचे दोन लाख व्हावे लागतात. म्हणजे तुला पुढच्या प्रमोशनला वीस हजार वाढले तर तुला ते जाणवणारही नाहीत. अम्माच्या हातात विड्यांचे आठवड्याचे पैसे येतात तेव्हा तिला जाणवतं. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

तर चौदा वर्षांत काय कमावलंस? अम्माला दवाखान्याची भीती राहिली नाही, हे कमावलंस. मुलीची फी भरताना दागिना मोडावा लागत नाही, हे कमावलंस. ते कमी लेखू नकोस.

आता विड्या.

आधीच सांगते, मी विड्यांचं कौतुक करणार नाही. ज्यांना करायचंय त्यांनी एकदा दिवसभरात हजार विड्या वळून दाखवाव्यात. आमच्या शाखेच्या मागच्या बोळात विड्या वळणाऱ्या बायका बसायच्या. दुपारी डबा खाऊन मी पाय मोकळे करायला तिकडं जायची. टेंभुर्णीचं पान रात्री भिजवून ठेवलेलं. त्यावर पत्र्याचा छोटा तुकडा ठेवायचा आणि कात्रीनं त्याच्या मापानं पान कापायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरून दोन बोटांत असं फिरवायचं, की एक टोक बारीक आणि एक जाड व्हावं. दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं दुमडायचं, झाली विडी. पंचवीसची जुडी. नजर हातावर नसायचीच. नजर रस्त्यावर, तोंड शेजारणीच्या सुनेवर आणि हात आपले चाललेले. एकीच्या अंगठ्याच्या नखाला दोऱ्यानं खाच पडलेली मी पाहिली आहे. मग ब्रँचला जायचं, तिथं माल तपासणारा खराब म्हणून मूठभर बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. खोकला, पाठ, डोळे, तळहातांतून आणि श्वासातून शरीरात जाणारा तंबाखू, हे सगळं त्या कामासोबत येतं. ओढणाऱ्याचं काय होतं ते वेगळंच. तुला लिहिता-वाचता करायला अम्मानं हे केलं कारण दुसरं काही नव्हतं. तिनं ते सोडावं असं तुला वाटलं, यात चुकीचं काही नाही.

चुकलंय दुसरीकडं. त्याच्यासाठी मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आमचे आप्पा इथल्या एका मिलमध्ये विणकर. भोंगा वाजायच्या आधी आंघोळ करून तयार. पगाराच्या दिवशी घरी येताना गरम जिलबी, कागदातून तेल गळत असायचं. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. मी तोवर बँकेत लागून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं आमची चूल बंद पडली नाही. गल्लीतल्या कितीतरी घरांची पडली. मी आप्पांना म्हटलं, आता आराम करा. ते तरीही साडेपाचला उठायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि मिलच्या गेटसमोरच्या हॉटेलात जाऊन चहा घेत बसायचे, तिथं त्यांच्यासारखेच आणखी सात-आठ जण. बंद गेटकडं तोंड करून.

एक दिवस ओळखीचे एक चादर कारखानदार घरी आले. त्यांचे नवे कारागीर माग नीट लावत नव्हते. आप्पांनी सकाळी दोन-तीन तास येऊन नुसतं बघावं, थोडे पैसेही देऊ, म्हणाले. आप्पा आतल्या खोलीत होते. मी दारातच हसून सांगितलं, 'आता त्यांना कशाला त्रास? मी आहे ना कमावती.' ते गृहस्थ चहा पिऊन गेले. मी आत आले तर आप्पा घागर घेऊन पाणी भरायला निघाले होते. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.

त्यानंतर ते मला काही बोलले नाहीत. फक्त हॉटेलात जाताना विचारायचे, 'सुट्टे आहेत का गं?' मी द्यायची, त्यांना हवेत त्याहून जास्तच द्यायची. पंधरा वर्षं ते जगले त्यानंतर, खाऊनपिऊन सुखात, असं लोक म्हणतात. घरात पुन्हा जिलबी आली ती मीच आणली म्हणून. एकदाही त्यांनी आणली नाही, कारण माझ्याच पैशांची जिलबी मलाच आणून द्यायची म्हणजे काय! हे मला कळायला मी स्वतः रिटायर व्हावं लागलं. पहिल्या महिन्यात मुलगा म्हणाला, 'आई, आता तू कशाला खर्च करतेस, राहू दे.' प्रेमानंच म्हणाला. मला मात्र आप्पांची घागर दिसली.

म्हणून तुझ्या पत्रात मी पाळण्यापाशी थांबले. लग्नातला अपमान तू चार ओळींत लिहिलास, पाचशेची नोट जाता जाता. मला ती नोट मोठी वाटते. देणं घेणाऱ्याला सुखाचं असतंच, पण देणाऱ्याचंही एक सुख असतं आणि ते मोजलेलं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा प्रयोग सांगते. सकाळी काही लोकांच्या हातात पैसे दिले, कुणाला पाच डॉलर, कुणाला वीस. अर्ध्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. अर्ध्यांना सांगितलं, दुसऱ्यासाठी खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेली मंडळी जास्त खुशीत होती. पाच की वीस, यानं फरक पडला नाही.

आता तुमच्या घराचा हिशेब मांड. फ्लॅट तू दिलास. एसी तू, बाई तू, पंधरा हजार तू. म्हणजे देण्याचं सगळं सुख तू एकट्यानं घेतलंस आणि अम्माकडं फक्त घेण्याचं काम ठेवलंस. तीस-पस्तीस वर्षं जी बाई घराला देत आली, तिला. तिनं गुपचूप दोन रिक्षा बदलून जे पैसे कमावले त्यातून नातीला पाळण्यात बसवायचं होतं. तेही तू परत केलेस. तुझ्या पंधरा हजारांतून तिनं पाचशे दिले असते तर ते तुझेच पैसे तुझ्याच मुलीला दिल्यासारखं झालं असतं. जिलबीचं गणित आहे हे, मला पाठ आहे.

आपल्या गावाला हे नवं नसावं. आपलं ग्रामदैवतच तळं खणणारं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले. त्या शरणांचे, म्हणजे बसवण्णांबरोबरच्या शिवभक्तांचे, दोन शब्द म्हणजे कायक आणि दासोह. आपल्या हातानं काम करायचं आणि त्यातून आलेलं वाटायचं. दोन्ही मिळून एक, नुसतं एकच कुणाच्या वाट्याला टाकलं तर ते लंगडं. शरणांमधले अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, आले तेव्हा सिद्धराम लोकांकडून तळं खणून घेत होते आणि अल्लमांनी 'कुठं आहे तो तुमचा खणकऱ्या' असं मुद्दाम हिणवून विचारलं, अशी कथा आहे. गड्ड्यात नंदीध्वजामागं आपण सगळे चालतो, ते एका खणकऱ्याच्या नावानं. पोराला मात्र आईच्या हातातली कात्री बघून लाज वाटते! रागावू नकोस, मलाही आप्पा हॉटेलात बसलेले बँकेतल्या कुणी पाहिले की लाज वाटायची.

एक मात्र अंदाज म्हणून सांगते, खरं-खोटं तू तिलाच विचार. चौथा मजला असो की पहिला, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटची दारं बंद असतात. बेल वाजवल्याशिवाय कुणी कुणाकडं जात नाही. कुंभारीच्या तुमच्या वसाहतीत दहा हजार घरं आहेत, २००६ मध्ये मिळालेली, आणि दारात बसलं की दोन्ही बाजूंच्या चार घरांचं जेवण काय हे कळतं. तेलुगूत बोलायला माणूस लागतो, टीव्ही चालत नाही. तिनं फ्लॅटमध्ये काही महिने काढले असतील, वर्षही काढलं असेल, मग एक दिवस किल्ली घेऊन निघाली. आणि वर्षभर तुला सांगितलं नाही, कारण तुझा आनंद मोडायचा नव्हता. फ्लॅट तिला हवाय का, हे घेण्याआधी विचारलं होतंस का? पत्रात कुठं दिसलं नाही.

तर मी काय करीन ते सांगते. कुंभारीचं घर विकायचं नाही. पहिली गोष्ट, ते तिच्या नावावर आहे, विकणारा तू कोण? दुसरी, तिच्या आयुष्यात तिच्या एकटीचं म्हणावं असं बहुधा तेवढंच आहे. उलट फ्लॅट भाड्यानं द्यायचा का, ते तिच्याशी बोल. तिला तिथं राहायचं असेल तर राहील, दोन्हीकडं राहायचं असेल तर तसं.

सुट्टी काढून ये. सकाळी तिच्याबरोबर रिक्षात बस, कुंभारीला जा आणि दिवसभर त्या बायकांजवळ बस. उपदेश करू नकोस. फोन खिशात ठेव. जेवायला त्या जे देतील ते खा, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. दुपारपर्यंत तुला बरंचसं कळेल, मी इथं पानभर लिहून कळणार नाही एवढं.

मग तब्येतीचं बोल, पण तब्येतीचंच. अब्रूचा विषय त्यात मिसळू नकोस, तिला लगेच वास येतो. छातीचा एक्स-रे, डोळे, रक्तातली साखर तपासून घ्या. खिडकी उघडी, तोंडाला फडकं, हजाराऐवजी तीनशे-चारशे विड्या, अर्धा दिवस. पुढंमागं तिला दुसरं काही करावंसं वाटलं, शिलाई म्हण, कडक भाकऱ्या, चटणी, तर त्या शेजारणींना धरूनच वाटेल, एकटीला नाही. तेव्हा मदत कर. मशीन आधी घेऊन ठेवू नकोस, हात जोडते. तुझ्यासारखी पोरं आधी वस्तू आणतात आणि मग विचारतात.

बँकवाली म्हणून एक कामाची गोष्ट. विडी कामगारांना पीएफ लागू आहे. तिचा कापला गेला असेल आणि दहा वर्षांची नोकरी नोंदलेली असेल तर ५८ नंतर पेन्शन मिळते. किमान हजार रुपये महिना, हे २०१४ पासून आहे. ती सुरू झालीय का? कितीतरी बायकांची आधार कार्डावरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही म्हणून अडकलेली असते. तुझं रोजचं काम कंप्यूटरवर, हे तू एका दुपारी लावून देऊ शकतोस. तुझ्या पंधरा हजारांसमोर हजार म्हणजे काहीच नाही. पण ते तिचे असतील. मघाशी पटीचं सांगितलं ते आठव.

नातेवाइकाचं काय करायचं? काही नाही. पुढच्या लग्नात भेटले तर म्हण, 'हो, वळते. तुम्हाला पाहिजे का जुडी?' आणि पुढं हो.

राहिली नोकरी. सोडू नकोस. निदान या पत्राच्या जोरावर तरी नको. सोलापुरात आयटीची नोकरी शोधणं म्हणजे काय ते तुझे पुण्यातले अर्धे मित्र सांगतील, पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस दर सोमवारी उगीच भरून जात नाही. फ्लॅटचा हप्ता किती, पुण्यातल्या घराचा आहे का, हे तू लिहिलंच नाहीस, आणि हप्ता न सांगता नोकरी सोडू का विचारणाऱ्याला मी काउंटरवरूनही परत पाठवलं असतं. पैशाचा विषय निघाला की आपल्याकडं कुणीतरी डॉ. कोटणिसांचं नाव काढतंच. सोलापुरात जन्मले, १९३८ साली चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये वयाच्या ३२व्या वर्षी वारले. मोठा माणूस. तुझ्यापुढं तेवढा मोठा प्रश्नच नाहीये. तुझा प्रश्न हा, की आई फोनवर 'जेवलास का'च्या पुढं बोलत नाही. त्याला राजीनामा कशाला लागतो? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज किती वेळ जातो ते मात्र मोज. तो कमी करता आला तर पगारवाढीपेक्षा बरं वाटेल, हे मी माझ्या भावाच्या घरी पाहिलंय.

तुझी बायको शहाणी आहे, तिचं ऐकत जा.

आणि हे सगळं करायच्या आधी, येत्या शनिवारी, फोन न करता सोलापूरला ये. मुलीला आण. अम्माला म्हण, 'ते गड्ड्यातले पाचशे दे, पोरगी पाळण्याचं विसरली नाहीये.' माफी वगैरे नंतर बघू, आधी नोट माग. गड्डा जानेवारीत आहे, पण पैसे आत्ता माग. ती कमरेच्या पिशवीतून काढेल की डब्यातून, मला माहीत नाही. देताना काहीतरी बोलेल, बहुतेक तेलुगूत, आणि ते गोड नसेल. ऐकून घे आणि नोट मुलीच्या हातात राहू दे.

– काकू